नाचता येतं का, एवढंच विचारणारा हॉल

आधी जरा माझ्याबरोबर टाळी द्या, चार मात्रा, एक दोन तीन चार... बघा, सगळ्यांची टाळी एकवर पडली. साहजिक आहे, समेवर टाळी द्यायची सवय आपल्याला. स्विंगमध्ये, म्हणजे नाचायला लावणाऱ्या जॅझमध्ये, ती पडते दोनवर आणि चारवर. परत करून बघा. हां, आता मान आपोआप हलायला लागली, गुडघे थोडे सैल पडले, तर नाच तिथूनच सुरू होतो, स्टेप वगैरे नंतर.

आज आपण शिकणार तो लिंडी हॉप, हा नाच न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या काळ्या लोकांचा. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर जाहिरातींत आणि पोस्टरवर गोऱ्या जोड्याच जास्त झळकल्या. १९२०च्या दशकाच्या शेवटी शेवटी तिथल्या पोरापोरींनी चार्ल्सटन, ब्रेकअवे असे जे जे नाच चालू होते त्यातून लिंडी हॉप तयार केला. आणि तो वाढला कुठे, तर सॅव्हॉय बॉलरूममध्ये. १२ मार्च १९२६ला उघडलेला हॉल, लेनॉक्स अव्हेन्यूवर १४० ते १४१ नंबरच्या रस्त्यांमधला अख्खा ब्लॉक. आत बँडची दोन स्टेज शेजारी शेजारी, एक बँड थांबला की दुसरा उचलणार, म्हणजे बसायला सबबच नाही. फ्लोअर लाकडाचा, आणि लोक इतके नाचायचे की दर तीनेक वर्षांनी तो बदलावा लागायचा म्हणे!

त्याच हार्लेममध्ये कॉटन क्लब होता, तिथे स्टेजवर काळे कलाकार आणि टेबलांवर फक्त गोरे गिऱ्हाईक. सॅव्हॉयमध्ये काळे-गोरे एकाच फ्लोअरवर, तेही त्या काळातल्या अमेरिकेत. तिथलेच एक डान्सर फ्रँकी मॅनिंग सांगायचे की तिथे तुमच्या तोंडाकडे कोणी बघायचंच नाही, नजर पायांवर, याला नाचता येतं का एवढाच प्रश्न.

हे मॅनिंग म्हणजे जबरदस्त माणूस. जन्म १९१४चा. १९३५ला सॅव्हॉयमध्ये स्पर्धा होती, समोर शॉर्टी स्नोडेन, त्या वेळचा राजाच. शॉर्टी नावाप्रमाणे बुटका, त्याची पार्टनर बिग बी चांगली उंच, शेवटी ती त्याला पाठीवर टाकून फ्लोअरवरून घेऊन जायची आणि हा हवेत पाय झाडायचा, पब्लिक फिदा. मॅनिंगच्या डोक्यात आलं की हे नुसतं उचलून नेणं झालं, याची स्टेप का नाही होऊ शकत? मग पार्टनर फ्रीडा वॉशिंग्टनबरोबर गादी टाकून तालीम, पाठीला पाठ लावायची, हात अडकवायचे, ती त्याच्या पाठीवरून उलटी गिरकी घेऊन समोर उतरणार आणि उतरायचं बरोब्बर बीटवर, खरी मेख तिथेच. स्पर्धेत ते जमलं आणि एअर स्टेप जन्माला आली.

पण खरं सांगू का, मला त्या उड्यांपेक्षा साधा स्विंगआउट जास्त आवडतो. आठ मात्रांत दोघं जवळ येतात, गरकन फिरतात आणि हात ताणून लांब होतात, बास. त्या लांब गेलेल्या दोन मात्रांत कोण काय करेल ते ठरलेलं नसतं, तिने पाय घासला तर त्याने थांबायचं, ट्रम्पेट ओरडला तर दोघांनी हसून काहीतरी खुळचट करायचं. कोरिओग्राफी नाही, पार्टनर अनोळखी, गाणं तीन मिनिटांचं, संपलं की थँक्यू म्हणून दुसऱ्याकडे.

पुढे युद्ध आलं, १९४४ला सरकारने नाचाच्या जागांवर ३० टक्के कर बसवला, बीबॉप नावाचा नवा जॅझ आला, तो ऐकायला लोक बसले आणि बसलेच. १९५८ला सॅव्हॉय बंद, मग पाडून टाकला. मॅनिंग पोस्टात नोकरीला लागले, तीसेक वर्षं. १९८०च्या दशकात स्वीडन आणि कॅलिफोर्नियाची पोरं म्हाताऱ्या डान्सरांना शोधत आली, स्वीडनच्या हेरेंग गावात कॅम्प सुरू झाला, आणि मॅनिंग २००९ला जाईपर्यंत जगभर शिकवत फिरले.

आपल्याकडे हे वारं आलंच नाही असं नाही बरं का. १९३५ला अमेरिकेच्या लिऑन ॲबीचा जॅझ बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता, पाठोपाठ गोव्याचे वादक तयार झाले, त्यातले चिक चॉकलेट म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवाले, सी. रामचंद्रांबरोबर काम करायचे. १९५१च्या ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ आणि भगवानदादांचे खांदे आठवा, तो काही लिंडी हॉप नव्हे, पण तो झोका कुठून आला ते कळतंच.

चला, बोलणं पुरे. खुर्च्या भिंतीकडे सरकवा, गुळगुळीत तळाचे बूट असतील तर उत्तम, आणि नवरा-बायकोंनी एकमेकांना चिकटून राहायचं नाही, दर गाण्याला पार्टनर बदलायचा आहे.