पाचवीत एबीसीडी, आता बँकॉकात इंग्रजीच्या बाई

(मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी!

"तू मराठी शाळेतली, आणि परदेशात जाऊन इंग्रजी शिकवतेस?" हे मला नागपुरात महाल भागातल्या आमच्या आत्यांनी विचारलं, आणि बँकॉकमध्ये नोकरीच्या मुलाखतीतही जवळपास हेच विचारलं गेलं. आत्या निदान हसून तरी विचारत होत्या.

इथे बँकॉकात नोकरीच्या जाहिरातींत 'फक्त नेटिव्ह स्पीकर', म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच, असं सर्रास लिहिलेलं असतं. एका शाळेने मला माझ्या इंग्रज सहकाऱ्याइतकेच तास दिले, पगार मात्र कमी. राग आला होता, अजूनही येतो. पण वर्गात उभी राहिले की माझी बाजू भक्कम असते.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. बाईंनी फळ्यावर काळ मांडले, आम्ही घोकले, प्रत्येक नियमाशी झटापट केली. थाई भाषेत काळानुसार क्रियापद बदलतच नाही, त्यामुळे पोरं बिनधास्त 'आय गो यस्टर्डे' म्हणतात. शब्दाच्या शेवटचा 'स' तर गिळूनच टाकतात, राइसचं राय होतं. इंग्रजी ज्याची मातृभाषा, तो अनेकदा एवढंच सांगतो, "कानाला बरोबर वाटत नाही." पोर नेमकं कुठे अडलंय ते मला दिसतं, कारण मीही अशीच अडले होते. अर्थात सेल्टासारखा इंग्रजी शिकवण्याचा १२० तासांचा कोर्स केलेले, त्यात प्रत्यक्ष वर्गावर सहा तास शिकवून आलेले गोरे शिक्षक उत्तमच शिकवतात. तो कोर्स आपणही करावा, नुसत्या 'माझं इंग्लिश चांगलं आहे'वर भागत नाही.

खरा आनंद मला संध्याकाळच्या मोठ्यांच्या वर्गात सापडला. हॉटेलात काम करणारी एक ताई फोन वाजला की खुर्ची सोडून पळायची. आता तीच फोनवर परदेशी पाहुण्यांशी भाड्यावरून हुज्जत घालते आणि एक बाथही (इथलं चलन) कमी करत नाही. ऐकायला बसले की वाटतं, आपल्या नागपूरच्या इतवारी बाजारातला एखादा शेठ बोलून राहिला!

आणि जूनमधला 'वाय ख्रू'. हा इथल्या शाळांमधला गुरुवंदनेचा सोहळा, बहुतेक ठिकाणी गुरुवारीच. मुलं गुडघ्यांवर सरकत येतात आणि पानाफुलांची सजावट हातात देतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यात चक्क दूर्वा होत्या! सोबत एक्झोराचे लाल गुच्छ आणि वांग्याची फुलं. दूर्वा भराभर पसरतात तशी विद्या वाढो, एक्झोराच्या टोकदार कळीसारखी बुद्धी तल्लख होवो, आणि वांग्याचं फूल खाली झुकलेलं असतं म्हणून ते नम्रतेचं. नागपुरात वांग्याचं भरीत मी रग्गड खाल्लं, फुलाकडे मात्र कधी पाहिलं नव्हतं.

आता तरुण मंडळींसाठी कामाचं. पर्यटक व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे, एजंट काहीही सांगो. पदवी हवी, वर्क परमिट हवं, आणि शाळेत शिकवायचं तर थायलंडच्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट लागते. पदवीचं प्रमाणपत्र आणि पोलीस क्लिअरन्स नागपुरातूनच करून आणा, इथून ते जमवताना जीव मेटाकुटीला येतो. बाकीचं जेवताना विचारा, मी तर्री-पोह्यांच्या टेबलापाशीच आहे.