क्रेन एकच, नाटकं वेगळी

नमस्कार मंडळी, आज आपण जरा लांब जाऊया, अथेन्सला, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात. अॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर डायोनिसस देवाचं थिएटर, वर उघडं आभाळ, प्रेक्षक उतारावर बसलेले, आणि समोर नाचगाण्याच्या मोकळ्या जागेमागे एक लाकडी इमारत. कधी ती राजवाडा, कधी देऊळ. नट आत जाऊन मुखवटा आणि कपडे बदलणार तेही तिथेच.

आता ग्रीक ट्रॅजेडीत खून सहसा प्रेक्षकांसमोर होत नाही, तो आत होतो, बाहेर फक्त किंकाळी ऐकू येते. पण मग प्रेत दाखवायचं कसं? त्यासाठी एक चाकं लावलेला लाकडी प्लॅटफॉर्म होता, एक्किक्लेमा. दार उघडायचं आणि आत जे घडून गेलं ते सगळं त्याच्यावरून बाहेर ढकलत आणायचं. इ.स.पू. ४५८ मधलं एस्किलसचं 'अॅगामेम्नॉन' घ्या, दार उघडतं आणि नवऱ्याच्या, म्हणजे राजा अॅगामेम्नॉनच्या, आणि त्याने युद्धातून पकडून आणलेल्या कॅसँड्राच्या प्रेतांपाशी राणी क्लायटेम्नेस्ट्रा उभी, आणि ती लपवत नाही काही, मीच केलं म्हणून ठणकावून सांगते. बरेच अभ्यासक मानतात की हे दृश्य त्या प्लॅटफॉर्मवरच आलं असणार.

दुसरं यंत्र म्हणजे क्रेन. लांब तुळई, दोर, आणि त्याला लटकलेला नट इमारतीच्या वर उचलायचा. देव यायचे ते असे. आणि इथेच युरिपिडीसने कमाल केली, इ.स.पू. ४३१ मध्ये 'मीडिया'त देवाच्या त्या जागी त्याने आणली स्वतःच्या मुलांना मारलेली आई, सूर्याने दिलेल्या रथात, मुलांची प्रेतं सोबत घेऊन. खाली तिला सोडून दुसरं लग्न केलेला नवरा जेसन विनवतोय, एकदा हात तरी लावू दे पोरांना, आणि ती नाही म्हणते. तो जमिनीवर, ती वर, त्याचा हात पोचणारच नाही, हे समजावून सांगायला एक वाक्यही लागत नाही.

बरं, याच क्रेनचं कॉमेडीत काय झालं बघा. अॅरिस्टोफेनिसच्या 'पीस'मध्ये, इ.स.पू. ४२१, ट्रायगियस नावाचा द्राक्षमळेवाला युद्धाला कंटाळून थेट देवांचा राजा झ्यूसला जाब विचारायला निघतो, कशावर बसून तर शेणकिड्यावर! आणि हवेत गेल्यावर घाबरून क्रेनवाल्यालाच ओरडून सांगतो, बाबा रे, सांभाळून. ट्रॅजेडीत क्रेन चालवणारा माणूस नाहीच असं धरून चालायचं, कॉमेडी त्याला सरळ हाक मारते. त्याआधी इ.स.पू. ४२५ मध्ये 'अकार्नियन्स'मध्ये तर अॅरिस्टोफेनिसने युरिपिडीसलाच पात्र केलं, तो म्हणतो मला बाहेर यायला वेळ नाही, मग त्याला प्लॅटफॉर्मवरून ढकलत बाहेर आणतात, आणि युरिपिडीस तेव्हा हयात होता बरं का.

ट्रॅजेडी आणि कॉमेडीनंतर नाटकाचा तिसरा प्रकार म्हणजे सॅटर नाटक, तीन ट्रॅजेडींनंतर त्याच कवीचं, सॅटर म्हणजे घोड्याची शेपटी असलेले दंगेखोर अर्धमानव, त्यांच्या कोरसचं, म्हणजे नाचगाणं करणाऱ्या जथ्थ्याचं. त्यातलं पूर्ण असं एकच हाती राहिलंय, युरिपिडीसचं 'सायक्लॉप्स'.

पुढे अॅरिस्टॉटलने लिहिलं की शेवट कथेतूनच यायला हवा, यंत्रातून नको, आणि उदाहरण दिलं 'मीडिया'चंच. नियम म्हणून ते बरोबर आहे, पण मीडियाच्या बाबतीत मला नाही पटत. ती सूर्याची नात आहे हे नाटकात आधीच येऊन गेलेलं असतं, आणि तिला शिक्षा होणार म्हणून आपण वाट बघत असताना ती आजोबांच्या रथातून सुटून जाते, यातच त्या नाटकाची सगळी धग आहे, तो रथ काढला तर जेसनने दार फोडून तिला पकडणं एवढंच उरेल.