230 रांगांचा डाव

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी जत्रेतून किंवा खेळण्यांच्या दुकानातून आणलेल्या ‘ब्रिक गेम’वर ठोकळे रचले असतील. तो खेळ आपण एकट्याने खेळत होतो आणि ठोकळे वरपर्यंत चढले की डाव संपत होता. या खेळाचे मूळ नाव टेट्रिस. अलेक्सेई पाजित्नोव यांनी 1984 मध्ये मॉस्कोत त्याला पहिले रूप दिले, तेव्हाही तो एकट्याचाच खेळ होता. मला आज बोलायचे आहे ते त्याच्या स्पर्धेविषयी. एकमेकांच्या पटावर कचरा, म्हणजे अडथळ्याच्या जादा रांगा, ढकलता येतो अशा अलीकडच्या आवृत्त्या मी बाजूला ठेवतो आणि निन्टेन्डोने 1989 मध्ये घरगुती यंत्रासाठी काढलेल्या जुन्या टेट्रिसपुरतेच बोलतो.

या आवृत्तीची जागतिक स्पर्धा 2010 पासून अमेरिकेत भरते. दोन खेळाडू शेजारीशेजारी बसतात, प्रत्येकाचे यंत्र वेगळे, पडदा वेगळा, आणि एकाला दुसऱ्याच्या पटावर काहीही करता येत नाही. ज्याचा स्कोअर मोठा, त्याने डाव जिंकला. मग यात झुंज ती कुठली, असे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते. माझे म्हणणे असे आहे की ही झुंज रांगांच्या हिशेबात असते आणि तो हिशेब कळल्याशिवाय पडद्यावर चाललेल्या घडामोडींचा अर्थ लागत नाही.

पट दहा रकान्यांचा आणि वीस रांगांचा. रांग पूर्ण भरली की ती पुसली जाते. एक रांग पुसली तर 40 गुण, दोन एकदम पुसल्या तर 100, तीनला 300 आणि चारला 1200. लेव्हलच्या आकड्यात एक मिळवून जी संख्या येते, तिने या गुणांना गुणायचे. स्पर्धक बहुधा 18व्या लेव्हलपासूनच सुरुवात करतात. तेथे चार रांगा एकेक करून पुसणाऱ्याच्या पदरात 3,040 गुण पडतात, तर त्याच चार रांगा उभ्या दांड्याने, म्हणजे चार घरांच्या सरळ ठोकळ्याने, एका फटक्यात पुसणाऱ्याला 22,800 मिळतात. या फटक्यालाच खेळाडू ‘टेट्रिस’ म्हणतात.

आता खरी मेख पाहा. अठराव्या लेव्हलवर सुरुवात केली की 130 रांगांनंतर 19वी लेव्हल लागते आणि पुढे दर दहा रांगांना एकेक लेव्हल वाढत 230 रांगांवर 29वी येते. तिचा वेग इतका की कित्येक वर्षे तिला डावाचा शेवटच मानले जाई. म्हणजे हातात रांगा मोजक्याच, जशी मर्यादित षटकांच्या सामन्यात चेंडूंची संख्या ठरलेली असते. एकेरी रांग पुसणे म्हणजे चेंडू वाया घालवणे, आणि तरीही ती पुसावी लागते, कारण दांडा केव्हा येईल हे कोणालाच सांगता येत नाही. खेळाडू उजव्या कडेचा एक रकाना मोकळा ठेवून बाकीचे नऊ भरत जातो. दांडा उभा केल्यावर उजव्या कडेपर्यंत चार घरे सरकवावा लागतो, डाव्या कडेपर्यंत पाच, म्हणून उजवी बाजू. पट चढत राहिला आणि दांडा आलाच नाही, तर रांगा ‘जाळून’, म्हणजे कमी गुणांत पुसून, जागा करायची की थोडे थांबायचे, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. माझ्या मते या खेळातले सगळ्यात मोठे कौशल्य येथे आहे. बोटांची चपळाई त्यानंतर येते.

हा निर्णय प्रतिस्पर्ध्याच्या स्कोअरवर अवलंबून असतो आणि म्हणून दोन स्वतंत्र पटांची लढत होते. समजा, पहिल्याचा डाव 6,12,000 वर संपला आणि दुसरा 19व्या लेव्हलवर 5,90,000 घेऊन अजून खेळतो आहे. त्याला 22,000 गुण ओलांडायचे आहेत. एक टेट्रिस त्याला 24,000 देईल, पण त्यासाठी चढत्या पटावर दांड्याची वाट पाहावी लागेल. तीन-तीन रांगा पुसल्या तर प्रत्येक वेळी 6,000 मिळतील, म्हणजे तसे चारदा जमवावे लागेल. ठोकळा तर वरून खाली दोन तृतीयांश सेकंदात येतो. अशा वेळी ज्याचा डाव संपला आहे तो कंट्रोलर मांडीवर ठेवून शेजारच्या पडद्याकडे पाहत राहतो, कारण त्याच्या हातात काहीच उरलेले नसते.

बोटांच्या तंत्राने हा हिशेबच पालटून टाकला. बटण दाबून धरले तर यंत्र ठोकळ्याला सेकंदाला जेमतेम दहा घरे सरकवते. 29व्या लेव्हलवर रिकाम्या पटातही ठोकळा एक तृतीयांश सेकंदात तळाला टेकतो, म्हणजे तीन-चार घरांपलीकडे जाणे अशक्य. जोनस न्यूबाउअर यांनी बटण दाबून धरण्याच्या शैलीत सात विजेतेपदे मिळवली. 2018 च्या अंतिम फेरीत त्यांना हरवणारा सोळा वर्षांचा जोसेफ सेली मात्र अंगठा थरथरवत एकेक टॅप झपाट्याने मारत होता. त्यानंतर ‘रोलिंग’ आले. त्यात एका हाताचा अंगठा बटणावर नुसता टेकवलेला असतो आणि दुसऱ्या हाताची बोटे कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक आपटतात, जशी तबल्यावर पडावीत. प्रत्येक आघाताने कंट्रोलरच अंगठ्यावर जाऊन दाबला जातो. चार बोटे फिरली की चार टॅप झाले.

या तंत्रामुळे 29वी लेव्हल शेवटची राहिली नाही. डिसेंबर 2023 मध्ये तेरा वर्षांच्या विलिस गिब्सनने 157व्या लेव्हलपर्यंत मजल मारली आणि तेथे खेळाचा प्रोग्रामच गोठला. विक्रम म्हणून हे थक्क करणारे आहे, पण स्पर्धेपुढे या तंत्रामुळे त्याआधीच पेच उभा राहिला होता: रांगा संपणारच नसतील, तर एक रांग जाळण्याची किंमत काय उरली? त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेत आयोजकांनी खेळात बदल करून 39व्या लेव्हलला ठोकळ्यांचा वेग पुन्हा दुप्पट केला, आणि 230 च्या जागी 330 रांगांचा नवा हिशेब सुरू झाला.