अंड्याएवढ्या वजनाचा झगा

राजेशाही कापड म्हटलं की आपल्याला काय आठवतं, तर जरीकाम, बुट्टे, काठ आणि वजन, शालू जेवढा जड तेवढा भारी असा आपला हिशोब. आता स्क्रीनवरचा हा झगा बघा. चीनमध्ये हुनान प्रांतात चांगशा शहरात मावांगदुई म्हणून जागा आहे, तिथे १९७२ मध्ये एक थडगं खणलं, शिन झुई नावाच्या बाईंचं. नवरा चांगशा राज्याचा मुख्य मंत्री, म्हणजे घरात कशाची कमी नव्हती. बाई वारल्या इसवीसनपूर्व १६५ च्या आसपास. एकात एक अशा चार शवपेट्या, भोवती कोळसा आणि पांढरी चिकणमाती ठासून भरलेली, म्हणून आतलं कापड वाचलं, नाहीतर रेशीम दोन हजार वर्षं कुठलं टिकतंय!

तर त्यातच सापडलेल्या या रेशमी झग्याची लांबी १२८ सेंटीमीटर, बाह्या चांगल्या ऐसपैस, गळ्याला आणि बाह्यांना जाड पट्टी, आणि हे सगळं धरून वजन ४९ ग्रॅम. म्हणजे एका अंड्याएवढं!

विणकाम म्हणाल तर अगदी साधं, एक उभा एक आडवा, फक्त आरपार दिसेल इतकं विरळ. सगळी करामत धाग्यात आहे, तो धागा नऊ किलोमीटर घेतला तरी वजन भरतं जेमतेम ११ ग्रॅम. याची नक्कल करायला बसले तेव्हा खरी मजा झाली, सुरुवातीची कॉपी ८० ग्रॅमच्या वर गेली, कारण काय तर अळी! तेव्हाची अळी कोष करायच्या आधी तीनदा कात टाकायची, आकाराने लहान, तंतू बारीक. आजची चारदा टाकते, चांगली गुबगुबीत होते आणि तंतूही जाड सोडते. माग, विणकर सगळं असून अडलं कुठे बघा. शेवटी लहान अळ्या पाळल्या, आणि नानजिंगच्या विणकरांनी झगा ४९ ग्रॅमपर्यंत आणला, पण त्यात वर्षानुवर्षं गेली.

हा झगा आतून घालायचे की भरतकाम केलेल्या कपड्यावरून, यावर अजून वाद चालू आहे. मला वाटतं वरूनच, खालचं दिसू द्यायचं नसेल तर एवढा खटाटोप कशाला?

आणि नुसते पैसे असून हे अंगावर घालता यायचं असंही नाही हं, इसवीसनपूर्व १९९ मध्ये हान घराण्याच्या पहिल्या सम्राटाने, गाओझूने, व्यापाऱ्यांना भारी रेशीम आणि भरतकाम वापरायलाच बंदी केली होती. ती किती पाळली गेली? पुढे जिया यी नावाच्या विद्वानाने सम्राटाकडे तक्रारच केली की विकायला काढलेल्या गुलामांना भरतकामाचे कपडे आणि रेशमी जोडे घालतात, आणि बडे व्यापारी मेजवानीला पाहुणे बोलावतात तेव्हा पूर्वी राजघराण्यात वापरायचं ते कापड चक्क भिंतीला लावतात. हा जिया यी त्याआधी काही वर्षं चांगशामध्येच राजाचा शिक्षक होता, शिन झुई बाई हयात असताना.