टीएसएच वाढलं म्हणजे नेमकं काय झालं?

सकाळचे साडेसात. गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात मासळी येऊ लागलीय आणि जवळच्याच एका लॅबच्या बाकावर बायका जुने रिपोर्ट हातात धरून बसल्यात. बाही वर सरकवता सरकवता रक्त घेणारी मुलगी विचारते, “काकी, थायरॉईडची गोळी घेतली आज?”

“नाही गं, रक्त देऊनच घेणार.”

काकींनी योग्य तेच केलं. गोळी पोटात गेली की पुढचे काही तास रक्तातलं टी-४, म्हणजे गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं संप्रेरक, चढलेलं असतं आणि आकडा फसवतो.

पिवळ्या टोपणाची नळी भरते आणि स्टँडवर उभी राहते. अर्ध्या तासात रक्त साकळतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवलं की वर पिवळसर, नितळ सीरम सुटं होतं. शोधायचं ते यात: टीएसएच, थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक. टीएसएचच्या रेणूला दोन प्रतिपिंडं (अँटीबॉडी) दोन बाजूंनी पकडतात. त्यांतल्या एकाला प्रकाश देणारं रसायन जोडलेलं असतं. जितकं टीएसएच, तितका उजेड, आणि यंत्र तो उजेड मोजतं. रक्तातली इतकी सूक्ष्म संप्रेरकं प्रतिपिंडांच्या मदतीने मोजण्याची वाट रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकात दाखवली. यॅलोंना त्यासाठी १९७७ साली नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते.

रिपोर्ट हातात आला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, “माझा थायरॉईड वाढलाय.” खरं तर बहुतेक वेळा झालेलं असतं उलटं. टीएसएच गळ्यातली ग्रंथी बनवतच नाही. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून. गळ्यातली ग्रंथी मंदावली, रक्तातलं टी-४ घटू लागलं, की पीयूषिका हाकांवर हाका मारते. त्या हाका म्हणजे टीएसएच. मोठ्या माणसांत ते साधारण ०.४ ते ४ मिली-युनिट प्रति लिटर असतं. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी, म्हणून आपल्याच कागदावरची मर्यादा बघायची. टीएसएच वाढलेलं आणि फ्री टी-४ (रक्तात मोकळं फिरणारं टी-४) कमी, तर ग्रंथी सुस्त. टीएसएच तळाला आणि टी-४ किंवा टी-३ (ग्रंथीचंच दुसरं संप्रेरक) चढलेलं, तर ग्रंथी अतिकामात. टीएसएच जरासंच वाढलंय, टी-४ ठीक आहे, तर बऱ्याचदा काही आठवड्यांनी पुन्हा तपासून मगच ठरवतात. एका आकड्यावर जन्माची गोळी लावून घेऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. केस गळतात म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या जातात. कित्येक यंत्रांच्या रसायनांत बायोटिनच वापरलेलं असतं. मग टीएसएच खोटं कमी दिसतं, टी-४ खोटं जास्त, आणि धडधाकट बाई कागदावर आजारी ठरते. रक्त देण्याआधी हे सांगायलाच हवं.

समुद्रकाठी राहतो, रोज मासे खातो, मग आपल्याला हे कसं, असा प्रश्न गोव्यात हमखास येतो. माशांतून आयोडीन मिळतं, हे खरं. आगरातल्या मिठात मात्र, ते समुद्राचं असूनही, आयोडीन नावापुरतंच. शिवाय आयोडीन पुरेसं मिळतं तिथे ग्रंथी मंदावण्याचं मुख्य कारण वेगळंच असतं: शरीराचीच प्रतिपिंडं ग्रंथीवर उलटतात. अँटी-टीपीओ तपासणीत ती दिसतात. मिठाने हा आजार बरा होत नाही.

(दृश्य: बाळाची टाच, फिल्टर कागदावर रक्ताचे थेंब.)

सगळ्यात मोलाची तपासणी या थेंबांची. जन्मतःच ग्रंथी काम करत नसलेलं बाळ पहिल्या दिवसांत अगदी निरोगी दिसू शकतं. आतून मेंदूची वाढ मात्र खुंटू लागते. गोव्याने २००८ साली नवजात बाळांच्या तपासणीचा कार्यक्रम सरकारी पातळीवर सुरू केला होता. जन्मताच टीएसएच काही काळ आपोआप उसळतं, म्हणून रक्त शक्यतो ४८ तासांनंतर घेतात. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर यातली बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात, शाळेत जातात. गोळी पाण्यात किंवा आईच्या दुधात चुरून चमच्याने पाजायची असते, रोज.