मोकळीक एकाची, किंमत दुसऱ्याची

श्रोतेहो, नमस्कार.

पतंगाच्या मांजाने कोणाचा गळा कापला जाऊ नये म्हणून संक्रांतीच्या दिवशी नागपुरातले उड्डाणपूल दुचाकींसाठी बंद ठेवण्याची गेल्या काही वर्षांत जवळजवळ रीतच पडली आहे. सदर भागातला पूल असो वा पाचपावलीचा, त्याच्या तोंडाशी बॅरिकेड लागतात आणि ज्याला मानकापूरकडे कामावर जायचे आहे, त्याला खालच्या गर्दीतून वाट काढावी लागते. त्या दिवसांत दुचाकी चालवणारी माणसे गळ्याभोवती जाड मफलर किंवा दुपट्टा गुंडाळतात. काही जण तर हँडलच्या दोन्ही टोकांना तारेची उंच कमान बांधून घेतात, म्हणजे आडवा आलेला दोरा गळ्यापर्यंत पोहोचण्याआधी तारेला अडकेल. एका सणासाठी शहराने केलेली ही तयारी पाहिली, की हा सण आहे की संकट, असा प्रश्न पडतो.

पतंगाचे वेड या शहराला नवे नाही. जुनी शुक्रवारीच्या बाजारात जानेवारीच्या सुरुवातीपासून चक्र्या लटकू लागतात आणि गच्चीगच्चीवरून ‘ओ पार’ची आरोळी उठू लागते. पूर्वीच्या सुती मांजाला भात शिजवून केलेल्या खळीत काचेची पूड मिसळून लावली जाई. तोही बोटे कापत असे, पण ताण आला की तुटत असे. पेच लावायचा आणि एकाचा पतंग कटायचा, ही त्या खेळातली सगळी गंमत दोरा तुटण्यावरच उभी होती. नायलॉनचा दोरा तुटत नाही, ताणला जातो आणि कापतो. तो झाडावर अडकला की उन्हापावसात कुजत नाही, म्हणून संक्रांत संपून महिने लोटले तरी पक्षी त्यात अडकत राहतात, आणि सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या उपचार केंद्रात पंख कापलेली घार किंवा बगळा येत राहतो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा विषय स्वतःहून हाती घेतला आणि दर हिवाळ्यात प्रशासनाला त्याबद्दल जाब विचारला. पोलीस छापे घालतात, चक्र्या जप्त होतात, जप्त माल नष्ट केल्याची छायाचित्रे छापून येतात. आणि तरीही दोरा मिळतो, कारण तो मागणारा माणूस आपल्यातलाच असतो.

आज स्वातंत्र्य, सुरक्षा आणि जबाबदारी यांच्याविषयी बोलताना मी या पुलांकडे आधी वळलो, कारण इथे तिन्ही गोष्टी एका दोऱ्यात गुंतलेल्या दिसतात. गच्चीवरच्या मुलाला आपला पतंग कटू नये असे वाटते, त्याच्या वडिलांना पोराचा हट्ट मोडवत नाही, दुकानदाराला चार पैसे जास्त सुटतात. या तिघांनीही आपापल्या परीने स्वातंत्र्य उपभोगलेले असते आणि तिघांनीही जबाबदारी तेवढी खाली टाकलेली असते. ती टाकलेली जबाबदारी सरकार उचलते, आणि सरकारच्या हाती जे साधन असते ते वापरते, म्हणजे पूल बंद करते. मोकळीक ज्याची जाते तो दुचाकीस्वार या सगळ्यात कुठेच नसतो. त्याने दोरा विकला नाही, घेतला नाही, उडवला नाही. आपल्याकडे स्वातंत्र्य आणि सुरक्षा यांचा वाद नेहमी तराजूच्या दोन पारड्यांसारखा मांडला जातो: एक वर गेले की दुसरे खाली. त्या चित्रात पारड्यात कोणाचे वजन टाकले जाते, हे दिसतच नाही. प्रत्यक्षात एकाची बेपर्वाई आणि दुसऱ्याची अडवणूक असा व्यवहार होतो, आणि तो व्यवहार ठरवताना दुसऱ्याला कोणी विचारलेले नसते.

हेल्मेटचा वाद मी यात धरत नाही. ‘माझे डोके, माझी मर्जी’ हे म्हणणे ऐकायला बाणेदार वाटते, पण डोके फुटल्यावर ‘मेडिकल’ म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ट्रॉमा केअरमधली खाट, रात्रभर बाहेर बसलेले घरचे आणि पुढच्या सगळ्या वर्षांचा खर्च ही केवळ त्या डोक्याची बाब उरत नाही. तिथे कायदा बहुतांशी बरोबर आहे, एवढे म्हणून पुढे जातो.

पुढचा प्रसंग अधिक गंभीर आहे आणि तो आपल्या सर्वांच्या आठवणीत ताजा आहे. १७ मार्च २०२५ च्या रात्री महाल आणि आसपासच्या भागात हिंसाचार उसळला आणि शहरातल्या ११ पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. अफवा आणि समाजमाध्यमांवरून फिरलेले संदेश यांनी वातावरण पेटवले, असे पोलिसांनी सांगितले. दगड हातात घेणारा दोषी आहेच. पण ज्याने घरात बसून, खात्री न करता, तो संदेश चार गटांत पुढे ढकलला, त्याला आपण काही केले असे वाटतसुद्धा नाही. त्याने आपले बोलण्याचे स्वातंत्र्य अंगठ्याच्या एका हालचालीत वापरले. त्याची किंमत इतवारीतल्या हमालाने मोजली, गांधीबागेत रोज कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्याने मोजली, रोज कमावून रोज चूल पेटवणाऱ्या घरांनी मोजली. पगारदार माणसाला संचारबंदी म्हणजे घरी बसलेले काही दिवस. रोजंदारीवाल्याला ती उपासमारीची सुरुवात असते.

तरीही ती संचारबंदी चूक होती असे मी म्हणणार नाही. त्या रात्री रस्ता मोकळा ठेवला असता तर आणखी जीव धोक्यात आले असते. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: एकेक भागातून ती उठत गेली आणि २३ मार्चला उरलेल्या भागांतूनही उठली. निर्बंधाला शेवट होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधल्या निर्बंधांच्या प्रकरणात हेच ठरवून दिले आहे, की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, त्यांची कारणे दिली पाहिजेत, ते धोक्याच्या मानानेच असले पाहिजेत आणि इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही. राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदात संचाराचे स्वातंत्र्य आणि त्यावरचे वाजवी निर्बंध एकाच ठिकाणी दिलेले आहेत. निर्बंध वाजवी आहे की नाही, हे कारण ऐकल्याशिवाय आणि मुदत कळल्याशिवाय कोणाला ठरवता येणार?

म्हणजे जबाबदारी नागरिकाकडे असते तशीच ती अडवणाऱ्याकडेही असते, आणि हा दुसरा भाग आपण सोयीने विसरतो. नागपूरच्या वर्तमानपत्रांत ‘कुख्यात गुंड एमपीडीएखाली स्थानबद्ध’ किंवा ‘तडीपार’ अशी बातमी नित्य असते आणि ती वाचून आपल्याला बरे वाटते. वस्तीतला त्रास गेला, असे वाटण्यात गैर काही नाही. ज्या बायकांना संध्याकाळी त्या चौकातून जावे लागते, त्यांना विचारून पाहावे. पण धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करण्यासाठीच्या १९८१ च्या या एमपीडीए कायद्याखाली खटला न चालवता माणसाला बारा महिने तुरुंगात ठेवता येते. म्हणूनच त्या कायद्यात पाच दिवसांत कारणे कळवण्याची आणि तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवण्याची अट आहे. अशा आदेशांपैकी काही उच्च न्यायालयात टिकत नाहीत, आणि त्यामागे अनेकदा कागद वेळेत न देणे, जुनी प्रकरणे नव्याने मोजणे, डोके न वापरता छापील मजकूर भरणे अशी कारणे असतात. ‘तांत्रिक कारणावरून गुंड सुटला’ असे आपण म्हणतो. मला हा शब्दप्रयोग खटकतो. ज्याला आपण तांत्रिक म्हणतो, तीच सरकारची जबाबदारी असते, आणि ती पार पाडली असती तर तो गुंड सुटला नसता.

ही जबाबदारी पूर्णपणे सोडून दिली तर काय होते, तेही या देशाने पाहिले आहे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली आणि हजारो माणसे ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली तुरुंगात गेली. आपल्या नागपूरच्या तुरुंगातही असे स्थानबद्ध होते. आपल्याला कोणत्या कारणाने धरले, एवढे विचारायला ही माणसे उच्च न्यायालयांत गेली, आणि नऊ उच्च न्यायालयांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेता येईल असे सांगितले. त्यांत आपले नागपूर खंडपीठही होते. सरकार अपिलात गेले. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना प्रश्न केला, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरापोटी कोणाचा जीव घेतला तर न्यायालय काही करू शकेल काय. आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारची बाजू उचलली गेली. तो एक म्हणजे न्यायमूर्ती खन्ना. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला.

मला या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापेक्षा त्या नऊ उच्च न्यायालयांचे अधिक कौतुक वाटते. तिथल्या न्यायाधीशांवर बदलीची टांगती तलवार होती, तरी त्यांनी सरकारला ‘कारण सांगा’ एवढेच म्हटले. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तजवीज झाली. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना १९७६ चा तो निकाल मोडीत काढला. १९७६ च्या त्या बहुमतात वडील यशवंतराव चंद्रचूड होते आणि तो निकाल चुकीचा होता हे ४१ वर्षांनी लिहिणारे त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

पण सगळा भार न्यायालयांवर टाकणेही मला पुरेसे वाटत नाही, आणि इथे आकाशवाणीवरूनच झालेल्या एका भाषणाची आठवण करून देतो. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान श्रोत्यांपुढे मांडले होते. अमर्याद स्वातंत्र्य समतेचा नाश करते आणि निखळ समता स्वातंत्र्याला जागा ठेवत नाही, हे तर त्यांनी सांगितलेच. पण त्यापुढे जाऊन कायदा ही स्वातंत्र्याची किंवा समतेची हमी होऊ शकत नाही, त्यांचे खरे संरक्षण बंधुतेतच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचा अध्यक्ष असलेला माणूस कायद्याबद्दल असे बोलतो, याचे वजन लक्षात घ्यावे.

भाबडे वाटेल असे हे मत आहे खरे. परंतु त्याचा पडताळा नागपुरात दरवर्षी येतो. अशोक विजयादशमीला आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. रेल्वेने, एसटीने, ट्रॅक्टरने, काही पायी. पोलिसांचा बंदोबस्त असतोच. पण स्तूपाकडे जाणारी रांग हलवतात ते समता सैनिक दलाचे स्वयंसेवक, हातात हात गुंफून आणि मधूनमधून एखाद्या म्हाताऱ्या आजीला बाजूने पुढे काढून देत. रस्त्यांवर ठिकठिकाणी अन्नदानाचे मंडप असतात, पाण्याच्या टाक्या असतात, चुकलेल्या पोरांची नावे भोंग्यावरून पुकारली जात असतात. तिथे आलेल्या माणसाला कोणी धाक घातलेला नसतो, तरी तो रांग मोडत नाही.

यावर कोणी म्हणेल, की एका श्रद्धेने एका जागी आलेल्या माणसांची गोष्ट वेगळी, सीताबर्डीच्या चौकातली रोजची संध्याकाळ वेगळी. हा आक्षेप मला मान्य आहे. सीताबर्डीला पोलीस लागणार, सिग्नल लागणार, आणि आता चौकाचौकांत खांबांवर बसलेले कॅमेरेही लागणार. गळ्यातली साखळी ओढून पळणारा त्या कॅमेऱ्यामुळे सापडला, तर मलाही आनंदच होईल. पण ते चित्रण किती दिवस साठवले जाते, ते कोणाच्या परवानगीने पाहता येते आणि कोणी विनाकारण पाहिले तर त्याला कोणती शिक्षा आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्या किती नागपूरकरांना माहीत असेल? खासगीपणाविषयीच्या २०१७ च्या निकालाने अशा प्रत्येक पाळतीसाठी कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाण अशा कसोट्या घातलेल्या आहेत. वॉर्डातला रस्ता आणि गटार यांबद्दल आपण नगरसेवकाला हटकतोच. पुढच्या वेळी त्या खांबावरच्या कॅमेऱ्याबद्दलही विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे.

नमस्कार.