आज्जीला बी सांगून ठेवा

राम राम मंडळी. मी भूल देणारी डॉक्टर, आणि आज बोलायचंय लेकरांच्या गुंगीबद्दल. चामखीळ काढायची, गळू फोडायचं, काम दहा मिनिटांचं, पण चार वर्षांचं लेकरू सुई बघितली की असं उसळतं की चौघांना आवरत नाही, आणि दाबून धरून केलं तर पुढं दवाखान्याची पायरी चढायला तयार होत नाही. म्हणून थोडी गुंगी देतो.

मागं परभणीकडच्या खेड्यातनं एक पोरगी आली, पायावर गाठ. आई म्हणाली, रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही मॅडम. तेवढ्यात पोरगीच बोलली, आज्जीनं दूध-बिस्कीट दिलं की! आज्जी पदर तोंडाला लावून, "उपाशी लेकरू बघवतंय का माय?" काम दुसऱ्या दिवसावर ढकललं. कारण गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनळीतून फुफ्फुसात जाऊ शकते. आणि खरं सांगू का, आईचंही चुकलंच, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं, आईचं दूध 4 तास, वरचं दूध आणि हलकं खाणं 6 तास, आपल्याकडच्या मे महिन्यात रात्रभर पाणी तोडलं तर लेकरू आधीच सुकून येतं.

वजन काट्यावर करूनच सांगा, डोस किलोवर ठरतो, "असंल पंधरा-सोळा" चालत नाही. सर्दी-खोकला, ताप, घोरणं, दमा, काहीच लपवू नका. तासभर आधी बधिर करणारी क्रीम लावून वर पट्टी बांधली तर कधीकधी गुंगीची गरजच पडत नाही, पण ती डॉक्टरांनी सांगितली तेवढीच लावायची, जास्त लावली तर अंगात भिनते.

आणि एक विचाराच, बिनधास्त विचारा, चिरा देणारा चिरा देईल, पण तेवढा वेळ लेकराच्या श्वासाकडं कोण बघणार? त्यासाठी वेगळा माणूस पाहिजे, बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप पाहिजे, सिलिंडर आणि मास्क हाताशी पाहिजे. हे विचारलं म्हणून कुणी चिडलं तर लेकरू उचला आणि दुसरा दवाखाना बघा.

झालं की लगेच पळायचं नाही. लेकरू नीट जागं होऊन ओळख देऊ द्या. पेंगत असताना मोटारसायकलवर मधी बसवून नेऊ लागलात तर मान छातीवर पडते अन् श्वास अडतो. जीप बघा, मांडीवर आडवं घ्या, आणि सोबत दुसरं माणूस घ्या, जे गावापर्यंत फक्त त्याच्या तोंडाकडं बघत बसंल. आज्जी चालंल.